‘इथे’ म्हणजे कुठे

मजकूर एकच. सकाळी मी तो एका फाइलीत लिहिते
आणि संध्याकाळी दोन घरी नांदायला पाठवते.
एका घरी पानं असतात, शिवण असते, समास असतो.
दुसऱ्या घरी नुसतं खाली सरकत राहणं,
तळ न लागणाऱ्या आडात सोडलेल्या पोहऱ्यासारखं.

क्लाक्सविकच्या धक्क्यावर, मासळीच्या गोदामाच्या वर
आमचं ऑफिस. खिडकीला मीठ धरतं.
बोटींची शीतगृहं सांभाळणारी आमची प्रणाली
एकोणचाळीस बोटींवर चालते
आणि तिची माहितीपुस्तिका माझ्यावर.

शब्द टाकताना दोन्ही घरांचा विचार करावा लागतो.
‘वरील आकृती पाहा’:
पडद्यावर कुणाच्या वर काय असेल, कोण सांगणार?
‘लाल दिवा लागल्यास’: छपाई काळ्या शाईतली,
त्या चित्रात सगळेच दिवे विझलेले.
आणि ‘अधिक माहितीसाठी इथे दाबा’.
हे तर माझंच वाक्य. नवी होते तेव्हाचं.
तसंच छापून गेलं, खाली रेघ ओढून,
पान एकशे बारा.

फेब्रुवारीत हेरगायर जिना चढून आला.
मेणकापडात गुंडाळलेलं पुस्तक, डिझेलचा वास.
त्यानं एकशे बारा उघडलं.
‘इथे’वर अंगठ्याचा ठसा होता, ग्रीसचा,
रेषा न् रेषा उमटलेला.
‘दाबलं,’ तो म्हणाला. ‘काही झालं नाही.’
मी हसले. तोही हसला, पण माझ्यानंतर.

मग त्यानं सांगितलं.
चार दिवस वारा, नेटवर्क नाही,
पुस्तक म्हणतं झडप चार बंद करा.
झडप चार आता सहा झाली आहे म्हणे, कधी झाली?
ऑक्टोबरात, मी म्हटलं.
ऑनलाइन दुरुस्त केली त्याच दिवशी.
अकरा मिनिटांचं काम होतं, नोंद आहे.
आणि छापलेल्यात?
खाली क्रेनची साखळी खडखडत होती.
ती थांबेपर्यंत दोघंही बोललो नाही.
‘नऊ टन कॉड,’ तो म्हणाला, सांगायचं म्हणून.

तो कॉफी पीत होता तोवर मी पुस्तक चाळलं.
समासात पेन्सिलीनं कुणाकुणाची अक्षरं:
‘आधी पंप, मग हे.’
‘थंडीत दोनदा.’
‘साफ खोटं.’
कुठे एक खवला, पानाला चिकटून वाळलेला.
मी दोन आवृत्त्या सांभाळत होते;
ही तिसरी माझ्या हिशेबातच नव्हती.

त्या आठवड्यात शुद्धिपत्रं छापली, एकोणचाळीस,
मागे डिंक असलेली, झडपेच्या ओळीएवढी अरुंद.
फेरीनं पाठवली, काही स्वतः नेऊन दिली.
एका तांडेलानं माझ्यासमोरच जिभेनं ओली केली,
चिकटवली, वर मूठ आपटली.
पडद्यावर चूक मागमूस न ठेवता जाते.
कागदावर ती झाकलेली राहते,
उजेडात धरली तर दिसते.
मला वाटतं ते बरंच आहे.

‘इथे’ आता फाइलीत कुठेच नाही.
पानावर पानाचा क्रमांक येतो, पडद्यावर दुवा,
यंत्र ठरवतं कुणाला काय द्यायचं.
पेन्सिलीचं बरंचसं मी आत घेतलं.
‘थंडीत दोनदा’ खरं निघालं.
‘साफ खोटं’ तर दोन ठिकाणी.

एक ओळ तेवढी कुठे ठेवावी कळेना.
पान चौसष्ट, गिरवून गिरवून जाड केलेली:
‘अडलं तर बायनिरला विचारा.’
बायनिरला जाऊन दोन वर्षं झाली.
छापता येत नाही. पडद्यावरही नको.
मी ती मूळ मजकुरातच ठेवली, अशी खूण करून
की कुठल्याच घरी पोचणार नाही.
फक्त माझ्यानंतर ही फाइल जी उघडेल
तिला दिसेल, करड्या अक्षरांत,
आणि ती कदाचित विचारेल, हा कोण.